ब्रह्मावर्तच्या विहिरीतील रौप्यपात्रे



आमली, सिल्वासा आणि भोवतालची गावे पोर्तुगीजांच्या हाती कशी गेली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पोर्तुगीजांचे 'सान्ताना' नावाचे जहाज मराठी आरमाराने १७७२ मध्ये धरले. त्याच्या भरपाईपोटी १७ डिसेंबर १७७९ च्या तहाने पुणे दरबारने बारा हजार रुपये वसुलाची गावे तोडून देण्याचे मान्य केले आणि १० जून १७८३ रोजी नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. दादरा त्यानंतर दोन वर्षांनी गेले.

त्याच १७८३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचा विवाहसोहळा झाला होता. गावे देण्याचा कारभार आणि लग्नाचा कारभार एकाच पुरुषाच्या हाती होता, तो म्हणजे नाना फडणीस. लग्नाच्या पंगती, पाहुण्यांचे आगतस्वागत, पानविडे, अत्तरगुलाब यांविषयीची बारीकसारीक व्यवस्था नानांनी आगाऊ लिहून काढविली होती. एका कागदाने गावे गेली, दुसऱ्या कागदाने पंगती मांडल्या गेल्या. गेलेली गावे एकशे एकाहत्तर वर्षांनी, २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले तेव्हा, परत आली. पेशव्यांच्या घरच्या पंगतीतील रुप्याच्या ताटवाट्यांचे पुढे काय झाले, हा मात्र फारसा न चर्चिलेला विषय आहे, आणि आजच्या विवेचनाचा विषयही तोच आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हजारोंच्या पंगतीला रुप्याची ताटे कोणीही मांडीत नसे. तेथे केळीचे पान आणि पत्रावळ हेच खरे पात्र. रुपे होते ते घरच्या, मोजक्या माणसांच्या ताटाला. ताट, वाटी, तांब्या, फुलपात्र, पाण्याची झारी, आमटीचे ओगराळे, तुपाची पळी, विड्याचे तबक, एवढा हा परिवार. त्याला मराठी घरात मान मिळाला तो केवळ मोलामुळे नव्हे. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. म्हणून कल्हई लागते, आणि कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते. रुप्याला आंबटाची बाधा होत नाही. त्याचे वैर गंधकाशी. हवेतील वा अन्नातील गंधकाने ते काळवंडते, पण ती काळिमा वरवरची असते आणि राखेने किंवा रिठ्याने निघून जाते.

दुसरे कारण शास्त्राचे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आला आहे. तेथे असे सांगितले आहे की, लेप न लागलेले सोन्याचे पात्र नुसत्या पाण्याने शुद्ध होते आणि तोच न्याय नक्षीकाम नसलेल्या रुप्याच्या पात्रालाही लागू आहे. 'नक्षीकाम नसलेल्या' हे विशेषण महत्त्वाचे आहे. कोरीव रेषेच्या खोलगटात अन्नाचा कण अडकतो आणि मग केवळ पाण्याने भागत नाही. अत्तरदाणी, गुलाबदाणी, तबक यांच्यावर सोनाराने हवी तेवढी वेलबुट्टी काढावी, कारण ती बैठकीची पात्रे. जेवणाचे ताट मात्र सपाट आणि गुळगुळीत असणेच सोवळ्यात सोयीचे. युरोपातील राजघराणी आपल्या ताटांवर मुकुट, ढाल आणि ब्रीदवाक्य कोरीत. तशी चाल येथे रुजली नाही. शिवाय भांड्यावर नाव घालण्याची गरज ज्यांची भांडी शेजारीपाजारी जातात त्यांना. ज्याच्या मुदपाकखान्यातून ताट कधी बाहेर जातच नाही, त्याने त्यावर नाव कशाला घालावे? हे निर्नावीपण पुढे फार महागात पडले.

३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाख रुपये नेमणूक ठरली आणि पेशव्यांचे बिऱ्हाड कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्त येथे, म्हणजेच विठूर येथे, गेले. राज्य गेले तरी घर गेले नव्हते. देवघर, मुदपाकखाना, आश्रित, भिक्षुक, नित्याची ब्राह्मणभोजने हे सर्व पुण्याहून उचलून गंगेच्या काठी मांडावे तसे तेथे मांडले गेले. तेहतीस वर्षे हा संसार चालला. १८५१ च्या जानेवारीत बाजीरावांचा अंत झाला. १८२७ मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब त्यांचे वारस. कंपनी सरकारने नेमणूक बंद केली आणि त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी नानासाहेबांनी अझीमुल्लाखानास विलायतेस पाठविले. तेथे दाद लागली नाही. आठ लाखांच्या जोरावर चालणारे घर आता साठवणीवर चालू लागले, आणि त्या साठवणीत घरातील सोने-रुपे हाच मोठा भाग असणार, हे उघड आहे.

या काळात विठूरला येऊन गेलेल्या एका पाहुण्याने जेवणाचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. हा पाहुणा म्हणजे जॉन लँग. जन्माने ऑस्ट्रेलियातील, व्यवसायाने वकील, वृत्तीने मिस्कील पत्रकार. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी कंपनीविरुद्धच्या आपल्या कामासाठी ज्याचा सल्ला घेतला तोच हा लँग. त्याचे भारतातील भटकंतीचे पुस्तक १८५९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले.

लँग सांगतो ते असे. त्याला वीस फूट लांबीच्या मेजावर एकट्याला बसविण्यात आले. ते मेज मूळचे एका घोडदळाच्या पलटणीच्या भोजनगृहातील. त्यावर विलायती उंची चादर होती, पण हात पुसण्याच्या रुमालाऐवजी शयनगृहातला टॉवेल ठेवलेला. सूप आले ते मिठाईच्या काचपात्रातून, आणि त्या पात्रावर नवव्या लान्सर्स पलटणीचे चिन्ह होते. ते वाढून घ्यावयास ओगराळ्याच्या जागी फुटका चहाचा पेला. बशी साधी निळ्या चित्रांची. पुलाव एका भल्या मोठ्या, चांदीचा मुलामा दिलेल्या थाळीतून आला, पण तो खाण्यासाठी दिलेली बशी अगदी हलकी. भाज्यांची मुलाम्याची पात्रे दोन, त्यांपैकी एक वाटोळे आणि दुसरे लांबट. सुरीला हाडाची मूठ. चमचा आणि काटा मात्र खऱ्या चांदीचे, कलकत्त्याच्या घडणीचे. उंची मद्य नक्षीदार पेल्यात आले आणि बिअर अत्यंत हिणकस काचेच्या भांड्यात.

हे वर्णन वाचून इंग्रज वाचक खूप हसला असेल. पदच्युत पेशव्यांचा वारस, आणि त्याच्या घरी दोन सारखी भांडी नाहीत! नंतरच्या काही लेखकांनीही या प्रसंगाचा उपयोग नानासाहेबांच्या वाड्यातील विजोड थाटमाट दाखविण्यासाठी केला आहे. पण लँग ज्या मेजावर बसला होता, ते मेज म्हणजे पेशव्यांचे घर नव्हे. ते साहेबांसाठी मांडलेले दुकान होते. त्या मेजावरील वस्तूंवरची चिन्हेच सांगतात की तो सारा संच पलटणींच्या जुन्या सामानातून गोळा केलेला होता. छावणी हलली की असे सामान विकावयास निघे. ज्याला स्वतःला त्या मेजावर जेवावयाचे नाही, जेवता येत नाही, त्याने थाळीला थाळी आणि वाटीला वाटी जुळते की नाही हे कशासाठी पाहावे? पाहुण्याला त्याच्या रीतीने जेवू घातले, यजमानाचे कर्तव्य संपले.

पेशव्यांच्या घरचे रुपे त्याच वेळी काही हातांवर, भिंतीपलीकडे होते. ते सोवळ्यातले. लँगच्या ताटाला त्याचा स्पर्श होणे शक्य नव्हते आणि लँगच्या नजरेला ते पडणेही शक्य नव्हते. त्याने मुलाम्याची थाळी पाहिली व तीच पेशव्यांची संपत्ती समजून तो परतला. विठूरच्या खऱ्या रुप्यावर युरोपियन माणसांची दृष्टी पडली ती पुढे, १८५७ च्या डिसेंबरात, आणि तीही ताट म्हणून नव्हे.

१८५७ च्या जुलैत हॅवलॉकच्या फौजेने कानपूर घेतले. लगेच एक तुकडी विठूरला गेली. वाडा रिकामा होता, तो जाळण्यात आला. १६ ऑगस्टला विठूरलाच मोठी लढाई झाली. तोवर नानासाहेब कुटुंबासह गंगापार निघून गेले होते. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत उत्तरेकडे होते. त्यांनी 'माझा प्रवास' मध्ये ब्रह्मावर्तहून पेशवे कुटुंब नावेतून निघून गेल्याची हकीकत लिहून ठेवली आहे. नावेत माणसे मावतात, दागिन्यांची पेटी मावते. पण तीन पिढ्यांच्या परात-तबकांचा पसारा मावत नाही. तो विहिरीत गेला.

विहीर ही मराठी माणसाची जुनी तिजोरी. शत्रू आला की भांडी विहिरीत सोडावयाची आणि तो गेला की गळ टाकून वर काढावयाची, ही रीत गावोगाव होती. रुपे पाण्यात काळे पडते, पण कुजत नाही. फक्त धनी परत यावा लागतो.

डिसेंबर १८५७ मध्ये होप ग्रँटची फौज विठूरला पोहोचली आणि विहिरीचा शोध लागला. या उपशाचे वर्णन ९३ व्या हायलँडर्स पलटणीतील विल्यम फोर्ब्स-मिचेल याने १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत केले आहे. विहिरीच्या तोंडावर लाकडी चौकटी उभारल्या, मोठाल्या चामडी मोटा सोडल्या आणि शिपायांच्या तुकड्या आळीपाळीने पाणी व चिखल उपसू लागल्या. दारूगोळ्याच्या पेट्यांत भरलेले रुपये निघाले, त्याच्या सांगण्याप्रमाणे तीस लाखांच्या घरात. त्याबरोबर सोन्यारुप्याच्या पात्रांचा मोठा साठा निघाला, आणि एक रुप्याची अंबारी निघाली, ती पेशव्यांच्या स्वारीची. कडाक्याच्या थंडीत कमरेइतक्या गाळात उभे राहणाऱ्या शिपायांना माणशी हजाराहून अधिक रुपये वाटणी मिळेल अशी आशा होती. ते सारे सरकारजमा झाले आणि शिपायांच्या हाती दमडीही पडली नाही, अशी फोर्ब्स-मिचेलची तक्रार आहे.

रुपयांच्या मालकीबद्दल वाद घालता येईल, कारण कानपूरचा सरकारी खजिना जूनमध्येच लुटला गेला होता. परंतु खजिन्यात रुपये असतात, ओगराळी नसतात. ताटे, वाट्या, झाऱ्या या निःसंशय घरच्या होत्या, पुण्याहून बरोबर आलेल्या किंवा विठूरला घडविलेल्या. त्यांपैकी कोणतीही वस्तू कोणाची, कोणत्या काळची, कोणत्या मुदपाकखान्यातील, हे सांगणारा एकही माणूस त्या विहिरीच्या काठावर नव्हता. अंबारी ओळखली गेली, कारण अंबारी कोण वापरतो हे तिच्या आकारावरूनच कळते. ताट कोणाचे हे ताट सांगत नाही. वाढप्याला ते ठाऊक असते, मुदपाकखान्याच्या कारकुनाला ठाऊक असते, आणि त्याच्या वहीत लिहिलेले असते. वाढपी पांगले होते, वाडा जळला होता. विहिरीतून वर आली ती पात्रे नव्हती, ते वजन होते. आणि वजनाला एकच भाव असतो, तोळ्याचा.

ही शोकांतिका एकट्या विठूरची नव्हे. सोन्यारुप्याची वस्तू जितकी जुनी तितकी ती आटणीत जाण्याच्या संधी अधिक. लग्न निघाले, दुष्काळ पडला, भाऊ वाटे निघाले की जुने ताट सराफाकडे 'मोड' म्हणून जाते आणि त्याच रुप्याचे नवे होऊन परत येते. म्हणून अठराव्या शतकातील पितळी समया आणि तांब्याचे हंडे सापडतात, पण त्याच काळातील जेवणाचे रुपे दुर्मिळ आहे. लाकूड किंवा कापड काळाने खाल्ले म्हणता येते. रुप्याला काळ खात नाही, त्याला गरज खाते.

ज्या धातूवर अक्षर आहे त्याची कथा कशी निराळी होते, हे पाहावयाचे असेल तर वाईजवळ मेणवलीस जावे. मेणवली हे नाना फडणिसांचे गाव. तेथे कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चमधील घंटा मराठी फौजांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या, त्यांपैकी ती एक. तिच्यावर माता मेरी आणि बालक येशू यांची आकृती असून १७०७ हे साल ओतलेले आहे. देवळात टांगताना ते साल कोणी घासून टाकले नाही, ती आकृतीही पुसली नाही. त्यामुळे ही घंटा कोठली, केव्हाची आणि कशी आली, हे आजही तिच्याच अंगावर वाचता येते. तिच्याहून कितीतरी मोलाची ताटे विठूरला मुकी राहिली.

पेशव्यांच्या पंगतीचा शेवटचा लखलखाट ग्वाल्हेरीत झाला. १८५८ च्या जूनमध्ये रावसाहेब पेशवे आणि तात्या टोपे यांनी ग्वाल्हेर घेतली आणि तेथे मोठमोठी ब्राह्मणभोजने घातली. शत्रू जवळ येत असता लाडवांच्या पंगती उठत होत्या, याबद्दल इतिहासकारांनी त्यांना पुष्कळ बोल लावला आहे, आणि तो अनाठायी नाही. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८७४ मध्ये, त्याच ग्वाल्हेरीत जयाजीराव शिंद्यांनी जयविलास महाल बांधविला. या महालाच्या भोजनगृहात माधवराव शिंद्यांची चांदीची आगगाडी आजही पाहावयास मिळते. लांबच लांब मेजावर रूळ, त्यांवर लहानसे इंजिन आणि मागे सात डबे. डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया आणि चिरुट. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबते, आणि ती परत ठेवली की पुढे चालू लागते. सात डब्यांवर शिंदे घराण्याचे नाव इंग्रजी अक्षरांत आहे, डब्यागणिक एक अक्षर. शंभर वर्षांपूर्वीच्या खेळकर राजाची ही लहर. पण लहरीतही त्याने नाव घातले, हे विसरता येत नाही. वाढण्याचे हे रौप्यपात्र मराठी राजघराण्याचे आहे हे सिद्ध करावयास कोणाही तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

पतियाळाच्या महाराजांनी तर आणखी पुढचे पाऊल टाकले होते. १९२२ मध्ये इंग्लंडचे युवराज पतियाळास आले त्या प्रसंगासाठी महाराजा भूपिंदरसिंग यांनी लंडनच्या एका पेढीकडून सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा सुमारे चौदाशे नगांचा भोजनसंच करवून घेतला. नगांवर घराण्याचे चिन्ह होते, कारागिराचे शिक्के होते आणि लंडनच्या पारखशाळेच्या खुणाही होत्या. जुलै २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात या संचाला एकोणीस लाख पौंडांहून अधिक किंमत आली. त्यातील धातूचे मोल याच्या एका लहान अंशाइतकेच होते. उरलेली किंमत नावाची, प्रसंगाची आणि कागदपत्रांची.

हे आकडे वर्तमानपत्रांतून येतात आणि त्यांचा परिणाम बाजारावर झाल्यावाचून राहात नाही. 'पेशवेकालीन', 'संस्थानी', 'राजवाड्यातील' अशा विशेषणांनी रुप्याची भांडी पुढे केली जातात आणि भाविक किंवा हौशी माणूस फसतो. काळवंडलेपणा हा वयाचा पुरावा नव्हे. गंधकाच्या वाफेवर नवे ताट एका रात्रीत काळे करता येते. पोचे, चरे, झिजलेला काठ हेही बनविता येतात. बनविता येत नाही ती वस्तूच्या मागची अखंड साखळी. ती कोणी घडविली, कोणाकडे होती, त्याच्याकडून कोणाकडे गेली आणि प्रत्येक वेळी कोठे लिहिली गेली, हेच खरे कुळ. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तूंचा व्यापार १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने परवान्याखाली आणला आहे आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. हा कायदाही शेवटी कागदच मागतो.

या बाबतीत राजवाड्यांपेक्षा देवळे अधिक शहाणी ठरली, असे म्हणावयास हरकत नाही. देवाच्या भांडारातील नैवेद्याचे ताट साधे असले, त्यावर वेलबुट्टी नसली, तरी ते भांडाराच्या वहीत असते. पुजारी बदलला, महाजनांची नवी निवड झाली, उत्सवासाठी भांडार उघडले की प्रत्येक वेळी मोजदाद होते. डाग कोणता, वजन किती तोळे, अर्पण करणारा कोण, तिथी कोणती, साक्षीला कोण, हे लिहिले जाते. आणि पुष्कळदा ताटाच्या पाठीमागे, जेथे अन्न लागत नाही तेथे, देणाऱ्याचे नाव ठोकून घातलेले असते. पाठीवरच्या अक्षरात अन्नाचा कण अडकत नाही, त्यामुळे सोवळेही सांभाळले जाते आणि नावही राहते. पेशव्यांच्या मुदपाकखान्याला ही युक्ती अवघड नव्हती. तिची गरजच तेथे कोणास भासली नाही.

जॉन लँगला विठूरच्या त्या मेजावर चमचा-काटा कलकत्त्याचा आहे हे कशावरून कळले? कलकत्त्याचे विलायती सोनार दांड्याच्या मागे आपल्या पेढीची खूण उमटवीत. बहुधा जेवता जेवता त्याने तो उलटा करून पाहिला असेल.